पहिली नोकरी : तेलगावातली टिपणे

तेलगाव तालुक्याने धारूरचे, पण व्यवहाराने माजलगावचेही तेवढेच. खामगाव-पंढरपूर महामार्ग माजलगावकडून येऊन धारूर-केजकडे जातो आणि बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता त्याला इथेच मिळतो. दसरा झाला की याच चौकातून टोळ्यांचे ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या आणि लेकरे घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात. रात्री याच चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्स थांबतात. त्यात पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली पोरे चढतात. दोन्ही वाहनांत बसणारी माणसे पुष्कळदा एकाच घरातली असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या ट्रॅव्हल्समधल्या पोरांचे काय चालले आहे, याची ही टिपणे.

*

ऊसतोड आणि आयटीतली नोकरी यांतला सगळ्यात मोठा फरक श्रमाचा वाटतो, पण घरातल्या माणसाला तो पैशाच्या क्रमाचा असतो. ऊसतोडीत मुकादमाकडून उचल आधी घ्यायची, ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या स्लॅबमध्ये जायची, आणि मग कोयत्याने ती फेडत बसायचे. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बाकी. नोकरीत काम आधी आणि पैसा नंतर. महिन्याच्या शेवटी खात्यावर जमा होणारा पगार कुणाचे देणे नसतो. उचलीवर जगलेल्या घरात असा पहिला पगार आला की घराचा हिशेबच बदलतो. मोठ्या आयटी कंपन्यांचे फ्रेशरचे पॅकेज दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळते आहे. पुण्यात राहून त्यात फार काही उरत नाही. तरीही इथल्या कित्येक घरांतून कोयता गेला, तो याच पगाराने.

*

फ्रेशर नेमके काय करायचा, हे गावात कुणी विचारत नाही. ते सांगायला हवे. त्याला मोठे काम कुणी देत नसे. जुन्या प्रोग्राममधली एखादी चूक शोध. एका फॉर्मवर नवा रकाना टाक. दुसऱ्याने लिहिलेले चालते का ते बटणे दाबून तपास. काय तपासले ते एक्सेलमध्ये भर. रात्री जागून अमेरिकेतल्या ग्राहकाची तिकिटे बघ, उत्तर माहीत नसेल तर सिनियरला उठव. कंटाळवाणे काम. पण ते करता करता वर्ष-दीड वर्षात पोराला कळायचे की एवढा मोठा प्रोग्राम उभा कसा राहतो, कुठे हात लावला की काय पडते, आणि ग्राहक जे मागतो ते त्याला खरेच हवे असते का. कॉलेजात यातले काही शिकवत नाहीत. सोपे काम हेच शिकण्याचे काम होते.

एआय सगळ्यात चांगले करते ते नेमके हेच सोपे काम.

*

घटनाक्रम थोडक्यात. २०२१ साली कोड सुचवणारे गिटहब कोपायलट आले, ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आले. ऑक्टोबर २०२४मध्ये गुगलचे सुंदर पिचाई म्हणाले की कंपनीतला पावभागाहून अधिक नवा कोड एआय तयार करते आणि इंजिनिअर तो तपासून घेतात. एप्रिल २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी आपल्याकडचा आकडा २० ते ३० टक्के सांगितला. फेब्रुवारी २०२५मध्ये आंद्रेय कार्पाथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आणला. काय हवे ते यंत्राला बोलून सांगायचे, आतला कोड वाचायचाही नाही, अशी ती पद्धत.

जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करणार असे जाहीर केले. तेव्हा कंपनीत ६ लाख १३ हजार लोक होते; सप्टेंबरअखेर ते ५ लाख ९३ हजारांवर आले. कपातीचा भर मधल्या आणि वरच्या पदांवर होता. कंपनीचे प्रमुख के. कृत्तिवासन यांनी हे एआयमुळे नसून कौशल्ये आणि कामे यांचा मेळ न बसल्यामुळे आहे, असे सांगितले. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने, एकट्या पुण्यात अडीच हजार जणांना राजीनामा द्यायला लावले, असा आरोप मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात केला. कंपनीने तो फेटाळला.

*

सगळे एआयच्या माथी मारणे मला पटत नाही. करोनाच्या काळात कंपन्यांनी वारेमाप भरती केली. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसने एक लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. ती लाट ओसरणारच होती. शिवाय अमेरिकेतली मंदीची भीती, आणि सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसावर लागलेले एक लाख डॉलरचे शुल्क.

पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट आहे, ती गावाकडच्या माणसाला चटकन समजते. आपल्या आयटी कंपन्या बहुतांशी माणसांचे तास विकत आल्या. वर थोडे अनुभवी, खाली पुष्कळ नवे, आणि बिल दर तासाला दर डोक्याला. खालची फळी जितकी रुंद आणि स्वस्त तितका नफा. १९८१ साली इन्फोसिसची स्थापना झाली ती पुण्यातच. तेव्हापासून उभा राहिलेला हा सगळा धंदा याच मांडणीवर चालला. आता अमेरिकेतला ग्राहक म्हणतो, एआयने काम निम्म्या वेळात होत असेल तर मला निम्मे बिल लावा. तास कमी झाले की डोकी कमी होणार, आणि पहिली काट नव्या डोक्यांवर बसणार. एखाद्या कंपनीने एकालाही घरी न पाठवता नुसती भरती थांबवली, तर त्याची बातमी होत नाही. पण तेलगावच्या पोरासाठी दार बंद झाले ते तिथेच.

*

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५मध्ये पगारपत्रकांच्या आकडेवारीवरून एक अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२च्या अखेरीच्या उच्चांकावरून जुलै २०२५पर्यंत जवळजवळ २० टक्क्यांनी घटल्या होत्या. त्याच क्षेत्रातल्या जास्त वयाच्या माणसांच्या नोकऱ्या टिकल्या किंवा वाढल्या. हा आकडा अमेरिकेचा आहे. पण पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत काम कुणासाठी चालते हे लक्षात घेतले तर तो आपलाही आहे.

*

हार्वेस्टर. ऊस तोडणी यंत्र. तेलगावात एआयबद्दल बोलायचे तर या यंत्राबद्दल बोलावेच लागते, कारण यंत्र आले की माणसाचे काय होते, हे इथल्या लोकांनी रानात उभे राहून पाहिले आहे. इथेच सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. माजलगाव धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला. म्हणजे इथली माणसे बाहेर ऊस तोडायला जातात आणि इथे उसाचे रानही आहे. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

२०२३ पासून राज्यात ९०० यंत्रांसाठी अनुदानाची योजना आली: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते. यंत्र आले म्हणून सगळे कोयते एका हंगामात थांबले नाहीत. यंत्राला रुंद सरी लागते, सलग रान लागते, कडेला वळायला जागा लागते. लोळलेला ऊस त्याच्याने नीट तुटत नाही. पाचट जास्त येते म्हणून वजनात वजावट होते. मग झाले काय? ज्याचे रान मोठे त्याने यंत्रासाठी सरीच रुंद केली. यंत्राने रानाचा आकार बदलून घेतला. कोयत्यासाठी उरली ती तुकड्यांची रानं, वाऱ्याने पडलेला ऊस, चिखलातला फड. सोपा ऊस यंत्राला आणि अवघड ऊस माणसाला.

सॉफ्टवेअरमध्ये आज डोळ्यांसमोर तेच घडते आहे. नवे प्रोग्राम एआयला सोयीचे जातील अशा बेताने मांडले जाऊ लागले आहेत. माणसाकडे येतो तो वीस वर्षांचा गुंता झालेला जुना कोड, यंत्राने लिहिलेल्यातली चूक शोधण्याचे काम, आणि चिडलेला ग्राहक. अवघड काम अनुभवी माणसाला जमते. अनुभव कशाने येतो? सोप्या कामाने. ते आता यंत्राकडे.

फरक एकच, आणि तो मला फार लागतो. कोयता धरायला घरातच शिकवणारे असतात. ते शिकणे लेकरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून तर साखरशाळा निघाल्या, संत भगवानबाबा वसतिगृहे निघाली. कोड शिकवायला मात्र घरी कुणी नसते. कोथरूडच्या किंवा बाणेरच्या मुलाला मामा आयटीत असतो, शेजारी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट असतो, तो त्याच्याबरोबर बसून त्याचा प्रोग्राम बघतो. धारूर तालुक्यातल्या मुलाला पहिली नोकरी हीच शाळा होती, आणि ती पगार देऊन शिकवणारी शाळा होती.

*

एका आईने पोराला फोनवर विचारलेले कानावर पडले. "कंपनी काय म्हणायली? मशीनच लिहायलंय तर तुला कशाला ठिवलंय?"
पोरगा म्हणाला, "मशीनचं लिहिलेलं मी तपासतो, आई."
"आन् तपासायला तुला कुणी शिकवलं?"
"आधी मीच लिहीत होतो की."

त्याला आधी दोन-तीन वर्षे लिहायला मिळाले होते. त्याच्या मागून येणाऱ्यांना ती वर्षे कोण देणार?

*

यंत्र चुकते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे, म्हणजे त्याची भीतीही कमी होते आणि भक्तीही. लाखो लोकांनी लिहिलेला कोड वाचून, कशानंतर काय येण्याची शक्यता जास्त, एवढ्याच बळावर ते लिहिते. त्यामुळे जगात शंभरदा लिहिले गेले आहे ते फार सुरेख लिहिते. जे कुणी लिहून ठेवलेले नाही तिथे ते अंदाज करते, आणि अंदाजही तितक्याच ठाम भाषेत देते. कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव देऊन मोकळे होते.

कारखान्याचा वजनकाटा घ्या. उसाने भरलेले वाहन आले की वजन होते, गव्हाणीत ऊस टाकून परत आले की रिकाम्याचे वजन होते, फरक तो ऊस. एआयला नुसते 'काट्याचा प्रोग्राम लिही' म्हटले तर पाच मिनिटांत चालणारा प्रोग्राम मिळेल. वाहनाचे रिकामे वजन एकदाच नोंदवून पुढच्या खेपांना तेच धरण्याची सोयही ते त्यात टाकून देईल, कारण ते शहाणपणाचे दिसते. पण ट्रॅक्टरचे रिकामे वजन खेपेगणिक बदलते. डिझेल कमी-जास्त, चाकांना चिखल, कधी एक ट्रॉली तर कधी दोन. फरकाचे किलो शेतकऱ्याच्या बिलातून जातात, आणि काट्यावरून गावोगाव भांडणे होतात ती अशाच किलोंवरून.

किंवा तोडणीचा कार्यक्रम. आडसाली जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि मग खोडवा. कुणाचा ऊस आधी तुटायचा ते लागणीची तारीख आणि जात यांवर ठरते. नोंद एका भावाच्या नावे, रान दुसऱ्याच्या, पाणी तिसऱ्याच्या विहिरीचे. उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला हे तोंडपाठ असते. हे ज्ञान इंटरनेटवर नाही, म्हणून यंत्रातही नाही. ते प्रोग्राममध्ये उतरवायला रान आणि कोड दोन्ही कळणारे माणूस लागते. असे माणूस पुण्याच्या मुलाखतीत मागे पडते आणि इथे त्याला कुणी विचारत नाही. मला ही दोन्ही नुकसाने सारखीच मोठी वाटतात.

*

वेगाबद्दल एक ऐकण्यासारखा अभ्यास आहे. मेटर नावाच्या संस्थेने तो जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध केला. तिने १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. काही एआय वापरून, काही न वापरता. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. पण काम संपल्यावर त्यांना वाटत होते की आपण २० टक्के वेगाने केले. माणसे थोडी, यंत्रे तेव्हाची. त्यावरून कायमचा निष्कर्ष काढू नये. तरी ज्यांना कामाची खरी जाण आहे त्यांचाही अंदाज इतका चुकतो, तर 'एआयने आमचे काम दुप्पट झाले' हे दुरून ऐकून भरती बंद करणाऱ्यांनी थोडे थांबावे.

*

एक चांगली गोष्टही टिपून ठेवतो, नाहीतर अन्याय होईल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची पहिली अडचण कोड ही कधीच नव्हती. इंग्रजी होती, आणि वर्गात हात वर करून विचारण्याची लाज होती. आता तो एआयला मराठीत विचारू शकतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू शकतो, आणि समोरून कुणी हसत नाही. रात्री वसतिगृहात बसून ज्याने असा लूप आणि पॉइंटर समजून घेतला, त्याच्यासाठी हे यंत्र देवदूताहून कमी नाही. २००१ साली एमकेसीएल निघाले आणि मग त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने खेड्यातल्या पोरांचे बोट पहिल्यांदा कीबोर्डवर ठेवले. हे त्याच्याही पुढचे आहे. मात्र उत्तर उतरवून घेणे आणि समजून घेणे यांत शिकणाऱ्याने स्वतःच फरक करायचा आहे. तिथे मास्तर नाही.

*

'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेले पुण्यातले क्लासचे बोर्ड. फी भरायला इकडे सोयाबीन विकले जाते, कधी सोने गहाण पडते. पूर्वी जावा आणि टेस्टिंग शिकवत होते, आता त्याच खोलीत त्याच फळ्यावर एआय आणि डेटा सायन्स. नोकरी लागली नाही तर फी परत मिळत नाही. पोरगा गावी येऊन सांगत नाही, पुण्यातच डिलिव्हरीचे काम धरतो आणि घरी 'कंपनीत आहे' म्हणतो. अशा पोरांना कुणी दोष देऊ नये. फी भरण्याआधी आईबापांनी मात्र मागच्या बॅचच्या मुलांशी स्वतः बोलावे. क्लासवाल्याच्या फोनवरून नव्हे, आपल्या फोनवरून.

*

कायद्याची बाजू कच्ची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नोकरकपातीआधी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरते आहे. आयटी कंपन्या त्यात येत नाहीत. कपात झालेल्या कामगाराच्या नव्या प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा, अशी एक चांगली तरतूद आली आहे. पण कपात म्हटलेच नाही आणि राजीनामा लिहून घेतला, तर ही रक्कमही नाही आणि भरपाईही नाही. 'राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर चांगले देतो' या वाक्यापुढे एकटे पोरगे टिकत नाही.

इथे मला त्याच्या आईबापांची आठवण होते. जानेवारी २०२४मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी संपाच्या बळावर वाटाघाटी करून तोडणीदरात ३४ टक्के वाढ मिळवली. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तो निर्णय झाला. ज्यांच्या हातात फक्त कोयता आहे, ज्यांच्या डोक्यावर उचल आहे, त्यांनी हे केले. एसीत बसणाऱ्याला संघटना म्हटले की कमीपणा वाटतो. त्याने सुट्टीत घरी आल्यावर बापाला विचारावे की हे कसे जमवले.

*

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. २०२४ पासून राज्यात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे. पदवीधराला महिन्याला दहा हजार, पदविका आणि आयटीआयवाल्याला आठ हजार विद्यावेतन. साखर कारखाने, सूतगिरण्या, बाजार समित्या, पतसंस्था, जिल्हा परिषद या सगळ्यांची सॉफ्टवेअरे आहेत आणि ती बहुतेक बाहेरचा पुरवठादार सांभाळतो. तिथे दोन-दोन मुले बसवा. त्यांच्या हाती एआय द्या, काटा समजावून सांगा, आणि त्यांनी लिहिलेले तपासायला एक अनुभवी माणूस ठेवा. बारामतीला कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी एआयचा प्रयोग झाला, राज्याचे महाॲग्री-एआय धोरण २०२५मध्ये मंजूर झाले. त्या धोरणाच्या पैशातला काही भाग उपग्रहाच्या चित्रांवर खर्च होईल, ते योग्यच. पण त्यातून उसाच्या रानातून आलेल्या शंभर पोरांचे पहिले वर्ष उभे राहिले नाही, तर मी ते धोरण अपुरे मानीन.

*

तेलगाव, धारूर, माजलगाव, वडवणी, केज इथून जाऊन आज पुण्या-बंगळुरूत लीड, मॅनेजर, आर्किटेक्ट झालेल्यांना एक विनंती. तुम्हाला पहिल्या वर्षी काही येत नव्हते, तरी कुणीतरी पगार देऊन ठेवून घेतले होते. येत्या भरतीत आपल्या टीमसाठी एक तरी फ्रेशर मागून घ्या. वरून 'एआय आहे ना' असे उत्तर आले तर वाद घाला. पाच वर्षांनी त्या यंत्राचे काम तपासायला माणूस कुठून आणणार, हे विचारा. फ्रेशर मिळालाच नाही तर आठवड्यातला रविवारचा एक तास गावाकडच्या एखाद्या मुलाला द्या, त्याचा कोड उघडून त्याच्याबरोबर बसा. त्याच्या घरी हे करणारे दुसरे कुणी नाही.